आत्याचे एकशे आठ अंश

आमची आत्या इंजिनं जुळवते, आणि खुणांवर तिचा काडीचा विश्वास नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, आणि कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, चेनने जोडलेले असतात; दोघांच्या गिअरवर एकेक ठिपका असतो. ठिपके समोरासमोर आणले की व्हॉल्व्ह वेळेवर उघडणार, असं सगळं जग मानतं. आत्या एके काळी मानायची. तिसेक वर्षांपूर्वी तिने बाबांच्या गाडीत कॅम घातला, ठिपके जुळवले, चावी फिरवली, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही." आणि खरंच बसले नाहीत. सख्खा भाऊ! गावभर तिच्या गाड्या धावतात आणि हे आपले बसची वाट बघत उभे.

काल आत्याने स्वतःच्या गाडीत नवा कॅम घातला. "आज दादाला बसवतेच," असं तिने माझ्या कानात सांगितलं. बाबा 'नुसते बघायला' आले होते.

ठिपके अगदी समोरासमोर आले.

"खुणा जुळल्यात, झाकण लावून बंद कर," बाबा म्हणाले.

आत्या खुदकन हसली आणि तिने क्रँकवर अंशांची चकती चढवली. ही चकती म्हणजे पातेल्याचं झाकण आणि त्यावर चिकटवलेला कागद. ती बनवली तेव्हापासून तिच्या घरी दूध उघडंच तापतं. व्हॉल्व्ह किती उघडला ते काट्यावर दाखवणारं डायल गेज लावून ती पान्याने क्रँक फिरवू लागली. कॅमसोबतच्या कागदावर लिहिलं होतं, व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडायला हवा एकशे आठ अंशांवर.

काटा नीट दिसावा म्हणून बाबांनी क्रँक केसभर मागे घेतला.

"दादा! चेन सैल पडली ना! आता सगळं पहिल्यापासून!"

बाबांनी हात खिशात घातले.

व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो त्या टोकाच्या अलीकडे चकतीवर बहात्तर, तेवढ्याच उंचीवर पलीकडे एकशे साठ. मी मधला आकडा काढला, "एकशे सोळा."

"आठ अंशांची चूक!" आत्याने टुणकन उडी मारली आणि मला धरून गरगर फिरवलं. चूक सापडली म्हणून एवढी नाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"अगं, पण खुणा तर जुळतात," बाबा म्हणाले.

"तेच तर! कॅमच्या गिअरचं भोकच बाजूला पाडलंय!"

तिने त्या भोकात मध्य जरा बाजूला असलेलं बुश, म्हणजे छोटं पोकळ कडं, बसवलं आणि पुन्हा मोजलं. चौसष्ट, एकशे बावन्न. एकशे आठ! "परत," आत्या म्हणाली. परत एकशे आठ. तिसऱ्यांदा मोजताना आम्ही तिघंही हसत सुटलो होतो, का ते विचारू नका.

सगळं बंद करून आत्याने चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं, एका सुरात. आत्याला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं.

बाबा गाडीला वळसा घालून आले, आणि दार उघडून तिच्या शेजारी बसले.

"माझ्या गाडीच्या वेळीही," ते म्हणाले, "बंद कर म्हणालो होतो ते मीच ना गं?"

"हो रे दादा," आत्या नाक पुसत म्हणाली. "पट्टा लाव."