मधे न थांबता पलीकडे

समस्त प्रवासी, मच्छीमार, दूधवाले आणि मोटारसायकलीसकट पाणी ओलांडणाऱ्या तमाम नागरिकांना अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळविण्यात येते की, लाँचमालक शब्बीरमामा आयुष्यात पहिल्यांदाच मधे कुठेही न थांबता थेट पलीकडे पोहोचले आहेत.

ही जाहिरात मामांना फार आवडली असती. कपातला चहा सांडेपर्यंत हसले असते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांची मुलगी नसरीन हिचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात माझ्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पंख्याचा पट्टा दाखवत होतो. "दादा, अब्बा गेले… झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी पट्टा हातात घेऊन रडलो. आणि रडता रडताच मनात आलं, बरं झालं, माणूस बिछान्यात गेला. भर पाण्यात, तापलेल्या इंजिनापाशी वाकलेला असताना गेला असता, तर लाँचमधल्या लोकांनी काय केलं असतं?

कारण मामांचं इंजिन तापायचं. नेहमीच तापायचं. मामा आधी ट्रक चालवायचे, वडिलांच्या वेळेपासून आमच्या दुकानात येत. माझ्या आईला ते ताई म्हणत, म्हणून मी भाचा. पुढे ट्रक विकला, पण त्याच्यासारखंच एक जुनं इंजिन आणून लाँचमध्ये बसवलं आणि माढ्याच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर या काठावरून त्या काठावर माणसं न्यायला लागले. ट्रकच्या रेडिएटरऐवजी लाँचच्या तळाखालून एक लांब पाईप फिरवलेला. इंजिनातलं गरम पाणी त्या पाईपातून जायचं, धरणाच्या पाण्यानं गार व्हायचं आणि परत यायचं. निदान तसं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात निम्मं अंतर कापलं की तापमानाचा काटा लाल रंगात शिरायचा, मामा इंजिन बंद करायचे आणि एखाद्या राजानं दरबार भरवावा तशा थाटात थर्मास उघडायचे. "ते दमलंय. तवर तुमी बी दम खावा," म्हणायचे आणि गोष्ट सुरू करायचे.

ती थांबायची वेळ म्हणजे एक संस्थाच झाली होती. शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ एकदा चुकून एकाच फेरीत बसले. लाँचवर सावली एकाच ताडपत्रीची. त्या दिवशी इंजिन गार व्हायला जरा जास्तच वेळ लागला. उतरताना धाकटा थोरल्याची पिशवी घेऊन चालला होता. मामा मला डोळा मारून म्हणाले, बघ, हे इंजिन गार असतं तर हे दोघं गार झाले असते का?

मामींना मात्र यातलं काही गोड वाटत नसे. धक्क्यावर त्यांची छोटी खाणावळ आहे, समोर सगळं पाणी दिसतं. मधे थांबलेली लाँच बघत त्यांनी निम्मं आयुष्य काढलं. मामा गेल्यावर नसरीन लाँच चालवते म्हणाली, तेव्हा मामींनी सरळ भंगारवाल्याला निरोप धाडला. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, "त्यांचं सोड. वारं सुटलं तरी त्यांचा हात बसलेला होता. माझी पोर मधी अडकलेली मला हितनं बघवायची न्हाय." मामांच्या चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला पलीकडचे पाहुणे आणायचे, ती शेवटची फेरी, आणि मग लाँच भंगारवाल्याची, असं ठरलं.

नसरीन बापाची लेक. तिनं मला फोन करून हुकूम सोडला की चाळिसाव्याच्या आत इंजिन तापायचं थांबलं पाहिजे. मग मी दुकानाला कुलूप लावून तिकडे ठाण मांडलं. पट्टा तपासला, ताठ होता. पाण्याचा पंप खोलला, ठणठणीत. तळाखालच्या पाईपावर शेवाळ साचलं असेल म्हणून दोघांनी तो काढून घासला, त्या शेवाळातून एक मेलेला खेकडा निघाला, आम्हाला वाटलं सापडला गुन्हेगार. इंजिन चालू केलं. काटा पुन्हा लाल. खेकडा बिचारा निर्दोष होता… मग नसरीननं इंजिनाच्या वरचं एक टोपण उघडलं आणि आत बोट घालून विचारलं, "दादा, हितं काही असतं का?"

असतं. थर्मोस्टॅट असतो. पाणी तापलं की उघडणारी एक छोटी झडप. आणि ती तिथं नव्हती, कारण आमच्याकडच्या ट्रकवाल्यांचा धर्मच तो. सोलापूरचं ऊन, त्यात पाण्याच्या वाटेत झडप कशाला? नवं इंजिन घेतलं की आधी ती काढून फेकायची. मामांचं तर एकदा घाटात झडप अडकून इंजिन गेलं होतं, तेव्हापासून ते तिचं नावही घेत नसत. माझ्या दुकानातून त्यांनी खिळ्यापासून पिस्टनपर्यंत सगळं नेलं, ती झडप सोडून. पण या इंजिनात ती पाणी तापलं की इंजिनातल्या इंजिनात फिरणारी जवळची वाट बुजवते आणि त्याला लांबच्या पाईपात ढकलते. झडपच नसली की पाणी आळशी माणसासारखं जवळच्या वाटेनं फिरून तसंच गरम परत येतं. म्हणजे इतकी वर्षं मामा ज्या इंजिनाला दमलं म्हणत, त्याला गार व्हायची वाट त्यांनी स्वतःच अडवली होती. मी हसत सुटलो. नसरीन हसली आणि मग टोपण हातात धरून बराच वेळ रडली.

दुकानात तशी एक झडप धूळ खात पडली होती. ती आणून बसवली. मामींना काही सांगितलं नाही, उगाच आशा नको.

चाळिसाव्याला पलीकडून पाहुणे भरले. भरलेली लाँच मधल्या पाण्यात आली. मी काट्यासमोर असा बसलो होतो की जणू तो पाहिला नाही तर चढेल. काटा मधोमध उभा. पाहुण्यांतला एक म्हातारा सवयीनं कप पुढे धरून बसला होता, तो कप तसाच रिकामा राहिला. सुकाणू नसरीनच्या हातात होतं. मग काठ जवळ आला आणि तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं तिनंच इंजिनाची वाफ धरून ठेवली होती.

धक्क्यावर भंगारवाला दोर घेऊन बसलेला. मामी डेगचीपाशी. पलीकडून इंजिनाचा आवाज आला की तांदूळ टाकायचे, म्हणजे मधे थांबून लाँच येईतो भात तयार, ही त्यांची रीत. लाँच धक्क्याला लागली तशा त्या पळीसकट उठल्या, पोरीकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, भंगारवाल्यासमोर ओरडल्या, "या अल्ला, आलासा बी? भात अजून कच्चा हाय की… आता उद्यापासनं मला आदीच डेगची चढवायला लागंल!"