तिच्याबद्दलची एक ओळ

सुमनताईंनी वाचनालयात परत केलेलं पुस्तक मी सहज चाळत होते. एका खऱ्या खुनाची हकिगत होती. खुन्याच्या बालपणावर तीन प्रकरणं होती. बापाची दारू, पट्ट्याचे वळ, उपाशीपोटी झोपणं. वाचता वाचता माझाही जीव कळवळला. जिचा खून झाला तिच्याविषयी मात्र एवढंच होतं, 'ती शिक्षिका होती.' त्या ओळीशेजारी समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मुलांना रागावली की मागाहून तिलाच रडू यायचं.'

"मीच लिहिलंय," समोर उभ्या असलेल्या सुमनताई म्हणाल्या. "धाकटी बहीण माझी. त्या पोराचं वाचून मलाही वाईट वाटलं हो. त्याचं लिहू नये असं नाही. पण तिचंही कुणी विचारायला हवं होतं."

पुस्तकात मारणाऱ्याला बालपण मिळतं. मरणाऱ्याच्या वाट्याला नुसतं मरण येतं.

मी खुर्ची पुढे सरकवली. "मला सांगा ना, कशा होत्या त्या?"

ताई बसल्या. म्हणाल्या, "पाण्याला फार भ्यायची. तरी दर सुट्टीत म्हणायची, यंदा पोहायला शिकणारच."

आणि त्या हसल्या. बहिणीविषयी बोलताना कितीतरी वर्षांनी हसल्या असाव्यात.