साडूंचं शहर ठरेना

हिंदुस्थानात इतकी ऐतिहासिक शहरं बांधून ठेवल्याबद्दल झाडून साऱ्या राजे-बादशहांवर मनापासून चिडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, हे यजमान. इस्लामपूरजवळ उसाची जमीन, स्वतःचं गुऱ्हाळ, अंगापिंडाने दणकट गडी. उकळत्या रसाची काहील चुलाणावरून नेमकी कधी उतरवायची हे ठरवताना त्यांची पापणी लवत नसे. पण दिल्ली की आग्रा, असा सवाल पडला की हाच माणूस डोकं धरून बसे. मी साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवत होतो, हा माझा गुन्हा. गूळ निघाला की दरवर्षी ते एक ढेप घेऊन आमच्याकडे येत, ती माझ्यासमोर आदळत आणि म्हणत, "मास्तर, सांगा. यंदा कुठलं शहर?"

मी दिल्ली म्हटलं की ते विचारत, "मग आग्र्यानं काय घोडं मारलंय?" आग्रा म्हटलं की जयपूर राहिलं म्हणून हळहळत. तिन्ही करा म्हटलं तर, "एवढं लांब जायाचं आन् लाहोर सोडायचं व्हय?" एकदा वैतागून मी विजापूर सुचवलं, तर म्हणाले, "आवं, ते तर शेजारचं घर. कवाबी जाता येतंय." मला त्यांचा राग यायचा, पण तो धड करताही येत नसे, कारण यामागची गोष्ट त्यांनी एकट्या मलाच सांगितली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी अक्कांचे डोळे तपासले होते. हा मोतीबिंदू नव्हे, काढून टाकता येणार नाही, नजर हळूहळू जाणार, असं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून साडूंनी ध्यास घेतला, की नजर आहे तोवर हिला एक शहर दाखवायचं. "एकच डाव हाय, मास्तर," ते म्हणाले होते. "चुकीचं शहर निवडलं, तर बाईच्या डोळ्यांत जन्मभर तेच ऱ्हाईल की."

मग त्यांनी ज्याला त्याला विचारायचा सपाटा लावला. त्या भागात घरटी एक शिपाई; तेव्हा एस.टी. नव्हती, रजेवर आलेला जवान खाजगी सर्व्हिस मोटारीतून उतरला, की आईच्या पाया पडण्याआधी साडूंच्या तावडीत सापडे. दिल्लीच्या छावणीतून आलेल्या एकाला त्यांनी विचारलं, तिथं बघण्यासारखं काय? तो म्हणाला, "कँटीन." इटलीहून लढून आलेल्याला रोम कसं आहे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "लय चिखल." शेवटी त्यांनी गावच्या भैरोबाला कौल लावला. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दिल्लीला देवाने उजवी दिली, आग्र्याला उजवी दिली, लाहोरलाही उजवीच दिली. साडू घरी येऊन खिन्नपणे म्हणाले, "देवाला तरी काय ठावं? त्यो बिचारा कवा गाव सोडून गेलाय!"

त्यांची वळकटी मात्र बारा महिने दाराशी बांधून तयार असे. मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याला चांगली गादी मिळत नसे, कारण ती प्रवासाला निघालेली असे. अक्का वाटेत खायला दशम्या करत. मग ऐन वेळी साडूंना ग्वाल्हेर आठवे आणि बेत मोडे. अक्का त्या दशम्या आळीत वाटून टाकत. लोकांच्या दारात दशमी आली, की ते ओळखत, यंदाही जाणं रद्द झालं. महायुद्धाच्या लढाईत गाड्या पलटणींनी भरून जाऊ लागल्या, तेव्हा साडूंनी लढाई संपायची वाट पाहिली. ती संपली, आणि वर्षा-दोन वर्षांत लाहोर देशाबाहेर गेलं. निवडायचं एक कमी झालं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. त्याच हिवाळ्यात अक्का भाकरी थापताना चाचपडू लागल्या. पुढच्या गुळाला साडू आले ते ढेप न घेताच. "सपलं, मास्तर," एवढंच म्हणाले.

माझ्या बायकोने हट्टच धरला, म्हणून आम्ही चौघं शेवटी विजापूरला गेलो. मिरजेहून गाड्या बदलत, शेजारच्या त्या घरी. गोलघुमटाचा अरुंद जिना अक्का साडूंच्या खांद्याला धरून चढल्या. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं, की समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं. अक्कांना घेऊन आम्ही एका बाजूला बसलो, साडू पार पलीकडे गेले. लोक तिथं टाळ्या वाजवतात, काडेपेटीच्या काड्या ओढून आवाज ऐकतात. साडू भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "तुला कुठलं शहर बघायचं हुतं गं?"

साऱ्या जवानांना विचारलं, देवाला विचारलं, मला तर छळलं. पण अक्कांना हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच विचारला जात होता. अक्का भिंतीला हात लावून म्हणाल्या, "कुठलंबी चाललं असतं. मला आगगाडीच्या खिडकीत बसून भाईर बघायचं हुतं."

मग त्या घुमटात एका दणकट माणसाचं रडणं चहूबाजूंनी ऐकू येऊ लागलं, आणि ते लपवायला तिथं जागाच नव्हती.

परतीच्या गाडीत साडूंनी अक्कांना खिडकीशी बसवलं आणि स्वतः त्यांच्या कानाशी बसले. बाहेर काळं रान आणि बाभळी, बघण्यासारखं काहीएक नव्हतं. साडू सांगू लागले. "एक म्हातारा मेंढरं घिऊन हुबा हाय. पागोटं तांबडं हाय. आता हीर आली. हिरीवर दोन बाया." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही निवडायचं नव्हतं, काही वगळायचं नव्हतं. त्यांचा घसा बसत चालला होता. मध्येच ते गप्प झाले, तशी अक्कांनी विचारलं, "आन् आता?"

"आता तारंचा खांब गेला," साडू म्हणाले. "आन् ह्यो आला दुसरा."