निकालासाठी थांबवलेली सुपारी

आमच्याकडे सोयरीक ठरली की दोन्ही घरांसमक्ष सुपारी फोडतात. ती फुटली की माघार नसते. माझी सुपारी फुटायची होती त्या दिवशी, धरणगावला आबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या घरी, मुलाचे मामा ताटाकडे पाहत म्हणाले, "आबा, मुलगा अमेरिकेत नोकरीला. तिथली निवडणूक तोंडावर आलीय. कोण येतं, व्हिसाचं काय होतं, कळू द्या. निकाल लागला की फोडू."

आबांना ते रास्त वाटले. सुपारी तशीच डब्यात परत गेली.

मी चौतिशी ओलांडलेली, जळगावच्या महाविद्यालयात शिकवणारी. आणि तो मुलगा मला आवडला होता. हे शेवटचे मी कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

निकालाच्या दिवशी आबा सकाळपासून टीव्हीसमोर बसले. "हाई पेनसिल्व्हेनिया म्हंजे आपला साक्री तालुकाच शे," ते म्हणाले, "शेवटपर्यंत पत्ता लागू देत नही." सगळे हसले. मीही हसले. जिच्यामुळे व्हिसा सोपा राहील असे सारे धरून होते, ती उमेदवार बाई हरल्याचे दुपारी स्पष्ट झाले आणि संध्याकाळी मामांचा फोन आला : सध्या थांबू.

पुढे त्या मुलाने धुळ्याची, माझ्याहून बरीच लहान मुलगी केली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती अमेरिकेला गेली. सरकार तेच, व्हिसाही त्याच सरकारचा.

हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही पाहुणे जमले की आबा सुरू करतात, "ती बाई निवडून येती ना, ते आपली पोर आज तठे ऱ्हाती. बठ्ठं त्या निकालनी करं." सगळा दोष त्या निकालाचा. मग जो तो भर घालतो. कुणी मला बर्फात स्वेटर घालून उभी करतो, कुणी आईला बाळंतपणासाठी विमानात बसवतो. या खेळाला हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्याही एकांतात ती बाई अनेकदा जिंकलेली आहे.

गेल्या दिवाळीत मात्र मला ते ऐकवेना. पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "आबा, ती जिंकली असती तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं. मग पत्रिका आडवी आली असती."

आबांनी मान खाली घातली. आई फराळाची ताटे गोळा करीत होती. ती न थांबता म्हणाली, "आम्हाला का कळत नाही, बाई? पण मग लोकांना काय सांगायचं? तुझं वय?"

परवा पिंपळनेरहून एक स्थळ आले. मुलाच्या आत्याने विचारलेच, मागची सोयरीक का मोडली. आबा घसा खाकरून आईकडे पाहू लागले. तेव्हा मीच, विद्यार्थ्यांना शिकवावे तशा स्वच्छ आवाजात, आत्याबाईंना अमेरिकेतला निकाल समजावून सांगितला.