लांब नळीवर बंदी

आमच्या ठाण्यातल्या, बाळकुमच्या सोसायटीत कुणाला काहीच कळत नाही, असं मी म्हणणार नाही. पार्किंग, मेंटेनन्स आणि कुणाच्या घरी कोण किती वाजता आलं, यातलं सगळ्यांना सगळं कळतं. बंदुकीतलं मात्र कुणाला ओ की ठो कळत नाही, आणि गेल्या वर्षी नेमका त्याच विषयावर ठराव झाला.

माझी लेक नेमबाज आहे. एअर रायफल, दहा मीटर. कॉलेज सांभाळून रेंजवर जाते आणि रोज संध्याकाळी घरी हॉलच्या भिंतीवर कागदाचा ठिपका चिकटवून त्यावर नेम धरून उभी राहते. छर्रा भरायचा नाही, चाप ओढायचा तोही रिकामाच. याला ते होल्डिंग म्हणतात. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती, आणि तिच्या सरांनी बजावलं होतं की होल्डिंगला खाडा झाला की तो स्कोअरमध्ये दिसतो.

अशात कुठेतरी गोळीबार झाला. चॅनेलवाल्यांनी तो दिवसभर दळला आणि संध्याकाळी आमच्या ग्रुपवर शस्त्रबंदीची चर्चा पेटली. त्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंना लिफ्टमध्ये माझी लेक रायफलची लांबडी पेटी घेऊन दिसली. झालं! मेसेज आला, 'आपल्याच बिल्डिंगमध्ये मशीनगन आहे. सी विंग.'

मग सगळ्यांनी अकलेचे तारे तोडले. एकाने लेकीचा रेंजवरचा फोटो शोधून नळीखालच्या जाड सिलिंडरवर लाल बाण काढला, 'यातून बॉम्ब जातो.' अहो, त्यात हवा असते! सायकलच्या ट्यूबमध्ये असते तीच. दुसऱ्याने गुगल करून पॉइंट वन सेवन सेवन हे छऱ्याच्या जाडीचं माप काढलं आणि त्याचा अर्थ लावला, मिनिटाला एकशे सत्त्याहत्तर गोळ्या. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ विचारत होते की ऑटोमॅटिक आहे की सेमी, कारण सेमी असेल तर धोका निम्मा. मी कपाळाला हात लावला. लिहिलं, की यात एका वेळी साबुदाण्याएवढा एक छर्रा जातो, तोही दर वेळी हाताने भरावा लागतो. तलावपाळीला फुगे फोडायला देतात ना, त्याच घराण्यातली ही. डोळ्याला लागला तर इजा होईल, म्हणूनच छर्रे घरी येतच नाहीत, रेंजवरच्या कपाटात असतात. उत्तरादाखल जोडलेले हात आले. 'वहिनी, प्लीज डिफेंड करू नका.'

सगळ्यात मोठा मेसेज चेअरमनचा. 'मुलांच्या सेफ्टीशी तडजोड नाही.' या माणसाच्या कमरेला रिव्हॉल्वर असतं. खरं. रेती-सिमेंटचा धंदा आहे म्हणून लायसन्स मिळालंय, आणि लग्नाकार्यात शर्ट मुद्दाम वर सरकतो. त्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही. साहेबांचं वेगळं!

दसऱ्याला क्लब हाऊसमध्ये शस्त्रपूजन असतं. डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप ठेवतात, पोरं लॅपटॉप ठेवतात, कुणी स्क्रू ड्रायव्हर, कुणी कात्री. लेकीने सकाळी विचारलं, रायफल आणू का? सेक्रेटरी म्हणाले, "तुझी मशीनगन वरच राहू दे बाळा, लहान मुलं असतात." खाली गेलो तर मधोमध पाटावर लाल कापड, झेंडूची फुलं, आणि हळद-कुंकू लावलेलं चेअरमनचं रिव्हॉल्वर. पुढे पेढ्यांवर डोळा ठेवून सगळी चिल्लीपिल्ली मांडी घालून बसलेली.

लेक आपट्याची पानं हातात घेऊन जागीच थांबली.

"काका, रिकामं केलंय ना हे? नळी मुलांकडे आहे."

चेअरमन हसले. उचलून त्याचं चक्र बाजूला काढून दाखवलं. सगळी घरं भरलेली, काडतुसांच्या पितळी टाचा चमकत होत्या.

"लायसन्सवालं आहे गं, असं नाही उडत."

मी पोरांना दंडाला धरून बाजूला ओढायला लागले, तर चौथ्या मजल्यावरच्या त्याच काकू म्हणतात कशा, "अगं, एवढुसं तर आहे ते! सणाच्या दिवशी कशाला अपशकुन?" मग ते एवढुसं हातात घेऊन सेल्फी झाले.

पुढच्या रविवारी खास सभा. ऑटोमॅटिकवर बंदी घालू म्हणाले. मी म्हटलं, घाला, हात वर करते, माझ्या मुलीची ऑटोमॅटिक नाहीच. मग पंचाईत झाली. तेव्हा एका इंजिनिअरने तोडगा काढला. वॉचमनला ओळखायला सोपं पडेल असा नियम हवा, म्हणून वितीपेक्षा लांब नळी असलेलं काहीही गेटच्या आत आणायचं नाही. टाळ्या! चेअरमनचं रिव्हॉल्वर वितीत आरामात बसत होतं.

मी उभी राहिले. आवाज चढला होता, चढू दे. "अहो, एकाने माणूस मरतो आणि दुसऱ्याने कागदाला भोक पडतं. तुम्ही माणूस मारणारं आत ठेवताय!"

"वहिनी, टेक्निकल नको," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "लोकांना भीती कशाची वाटते, ते महत्त्वाचं."

ठराव मंजूर. नवरा म्हणाला, रजिस्ट्रारकडे तक्रार करू. करूच, पण तिकडे तारीख पडेपर्यंत निवड होऊन गेली असती. लेकीने वाद घातला नाही. पेटी उचलली, कपड्यांची बॅग भरली आणि डोंबिवलीला मानपाड्याला मावशीकडे राहायला गेली. मावशीचा हॉल इवलासा. सोफा भिंतीला उभा करून ती होल्डिंग करायची. रोज फोनवर म्हणायची, "आई, बरं चाललंय गं." कॉलेजची रोजची दगदग आणि वर प्रॅक्टिस, बरं काय चालणार? मला रडू यायचं, पण ते सगळं रागाचं रडू.

दिवाळीची पहिली अंघोळ तिने मावशीकडेच केली. मी सवयीने तिच्या वाटचंही उटणं कालवून बसले होते. दुपारी चेअरमन फराळाचं ताट घेऊन दारात. चकली, करंजी, वर क्रोशाचा रुमाल.

"लेक दिसत नाही कुठे?"

"तुम्हीच काढलीत की बाहेर."

चेअरमन खरोखरच गोंधळले. मला आधी वाटलं नाटक करतायत, पण नाही, चेहरा अगदी प्रामाणिक होता.

"छे छे वहिनी, आम्ही बंदूक काढली. मुलीला कोण कशाला काढेल?"