साळवेभाऊंची भुशाची शेगडी

साळवेभाऊ मला पहिल्यांदा दिसले ते भरदुपारी, हातात दारूची रिकामी बाटली घेऊन. लग्न होऊन मी चिंचवड स्टेशनामागच्या चाळीत आले त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. शेजारी असला माणूस म्हटल्यावर मी धाडकन दार लावून घेतलं. संध्याकाळी यांना सांगितलं, तर हे हसायलाच लागले. "अगं, तो चहासुद्धा अर्धाच कप पितो. बाटली शेगडीसाठी असते त्याची."

दुसऱ्या दिवशी दार किलकिलं करून मी पाहिलं. मागच्या पडवीत तेलाच्या डब्याची शेगडी होती, खाली एका बाजूला भोक पाडलेली. भाऊंनी डब्याच्या मधोमध बाटली उभी धरली, भोकातून एक दांडकं सरकवून तिला भिडवलं आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून ठासून भरला. मग बाटली आणि दांडकं अलगद काढून घेतलं. त्या पोकळीत खालून पेटता बोळा सरकवला की भुसा दिवसभर मंद धुमसत राही. भुशाला तोटा नव्हता. भाऊ कारखान्यात पॅकिंग खात्यात लाकडी खोकी ठोकायचे आणि गेटपास घेऊन पोतंभर भुसा घरी आणायचे.

शेगडीवर जाड बुडाचं पातेलं चढे. आठवड्यातून एकदा त्यात मटण असायचं, मानेचं आणि नळीचं, कारण तेच स्वस्त मिळे. आधी कांदा, आलं-लसूण आणि घरचं तिखट घालून ते स्टोव्हवर परतायचं. मग बटाटे, गाजरं, नवलकोल, शेवग्याच्या शेंगा, बाजारात जे असेल ते मोठे मोठे तुकडे करून घालायचं, पाणी ओतायचं आणि झाकणाची कड कणकेनं लिंपून टाकायची. एरवी मटणाऐवजी डाळ. हे सगळं करून भाऊ हात धूत आणि सेकंड शिफ्टला निघत. जाताना मला सांगत, "वैनी, जरा नजर ठेवा. पर झाकण उघडू नका. भांड्याला कामाला लावलंय, त्याला त्याचं काम करू द्या."

आमच्या घरी मटण शिजत नसे. पण चारच्या सुमाराला त्या कणकेच्या फटीतून असा वास सुटायचा, की माझं भरतकाम हातातच राहायचं. एकदा भाऊंनी वाटी पाठवली. मटण बोटानं तुटत होतं आणि गाजराला त्याची सगळी गोडी आली होती. हे मला कसं ठाऊक, ते मी सासूबाई हयात असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

एवढा खटाटोप होता तो लेकीसाठी, सुमनसाठी. बायको तापानं गेली तेव्हा पोर जेमतेम दुसरीत होती. 'दुसरी बायको करा' असं सगळ्या चाळीनं सांगून पाहिलं. नाहीतर पोरीला हाताशी घ्या, शाळा काय पळून जाते? भाऊ ऐकून घेत आणि म्हणत, "पोरीनं शाळंतून यावं, जेवावं आन् अभ्यासाला बसावं. मधी चूल नगं." भाकऱ्याही तेच थापत, जाड आणि वेड्यावाकड्या. बाईमाणसासारखं काय हे, असं सुरुवातीला मलाही वाटायचं.

सुमन सातवीत असताना भाऊंची थोरली बहीण जुन्नरकडून राहायला आली. थंडीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी आणलेलं मटण पहाटे शेगडीवर चढवून भाऊ पहिल्या पाळीला गेले. आक्कांना ती धुमसणारी शेगडी पटेना. जाळ हवा म्हणून त्यांनी भुशात काडी घालून ढोसलं, तशी आतली पोकळी ढासळली आणि शेगडी विझून गेली. मग त्यांनी सुमनची शाळा बुडवून तिला स्टोव्हपुढे बसवलं.

भाऊ चारला परतले. पोरीच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं आणि चेहरा नुसता फुलला होता. "बाबा, सगळं मी केलं! भाकरीपण!"

भाऊंनी पोटभर खाल्लं. "ब्येस झालंय," म्हणाले, "पर उद्यापास्नं न्हाई."

आक्का उसळल्या. "आरं शंकर, हाताला चव हाय पोरीच्या! चांगलं करती, तर करू दे की!"

"तिच्या आईला बी समदं चांगलं करता यायचं, आक्का," भाऊ म्हणाले. "त्यापायी तिला दुसरं कायबी कुणी करू दिलं न्हाई. मीबी न्हाई."

मी भिंतीपलीकडे भाजी निवडत होते. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर उशिरा गेले, पण पोरीला स्वतः शाळेच्या फाटकात सोडून मग गेले. आक्का रागारागानं गावी परतल्या. त्या दिवसापासून मला भाऊंच्या वेड्यावाकड्या भाकऱ्यांचं हसू कधी आलं नाही.

सुमन मॅट्रिक झाली, नर्सिंग शिकली आणि सोलापूरला सरकारी दवाखान्यात लागली. चाळीत गॅस आला. भाऊंनी शेगडी मोडली नाही, फक्त पातेलं लहान घेतलं. मग त्यांना छातीच्या दुखण्यानं धरलं आणि ते अंथरुणाला खिळले. "पोरीला कळवू नका," म्हणाले. "आली की बसंल चुलीपुढं. एवढ्यासाठी शिकवली का?" मी 'बरं' म्हटलं आणि यांना तार करायला पाठवलं. बापलेकीत असली बंदी मला मान्य नव्हती.

सुमन दुसऱ्याच दिवशी आली. बापाची नाडी पाहिली, औषधं पाहिली, डॉक्टरांशी बोलून आली. मग पदर खोचला आणि शेगडी भरायला बसली. कुणी शिकवलं नव्हतं, पण भुसा अगदी भाऊंसारखाच ठासला. भाऊंनी खाटेवरून पाहिलं आणि त्या क्षीण आवाजात ओरडले, "ऊठ तिथनं! कुणी बसवलं तुला?"

ती उठली नाही. "कुणी बसवलं नाही, बाबा. मी रजा टाकून आलेय."

भाऊंनी हळूच विचारलं, "बिनपगारी?"

"नाही. पगारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, पगारी म्हणती."

"हो भाऊ, पगारी रजा."

"मग बस," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं मटण रश्शात कुसकरून बापाला चमच्यानं भरवलं. चार घास गेले असतील. नंतर खात्यातले सोबती भेटायला येत, चाळीतले येत. भाऊ प्रत्येकाला जवळ बोलवून सांगत, "पोरगी आलीया. पगारी रजा टाकून आलीया." शेवटी त्यांची वाचा गेली. तरी कुणी आत आलं की ते माझ्याकडे बघायचे, आणि मग मी सांगायची.