रद्दीत न जाणारे कागद

कळंबच्या बसस्टँडमागच्या छापखान्यात मी शाळेच्या कामासाठी वर्षानुवर्षं जातोय, पण मशीनवरच्या त्या माणसाचं नाव कधी विचारलं नाही. तोही मला नुसतं 'गुरुजी' म्हणतो.

बोलतो मोजकं, तेही मशीनकडं बघत. प्रूफ देताना बजावतो, "बोट ठेवून वाचा. एकदा प्लेट झाली की माझ्या हातात काय न्हाय." कागदाच्या बाबतीत भलता चिक्कू. शाई नीट बसेपर्यंतचे पहिले कागद वायाच जातात, म्हणून तिथं तो जुनी रद्दी घालतो. लग्नपत्रिकेवर प्रश्नपत्रिका, तिच्यावर खताची जाहिरात. त्याची ही काटकसर मला कधी आवडली नाही.

गेल्या महिन्यात वडिलांच्या तेराव्याची, त्यांचा फोटो असलेली पत्रिका छापायला गेलो. तोवर मी रडलो नव्हतो. प्रूफवर बोट ठेवलं, पण वाचवेना. त्यानं कागद काढून घेतला आणि स्वतःच हळू आवाजात वाचला. मग नव्या रीमचं वेष्टन फोडून पहिल्यापासूनच कोरे कागद लावले.

"रद्दी चालली असती की," मी म्हणालो.

"खताच्या जाहिरातीवर गेलेल्या माणसाचं तोंड उठवू व्हय?"

शाई बसेपर्यंत बिघडलेले कागदही त्यानं टाकले नाहीत. कडा जुळवून, सुतळीनं बांधून माझ्या हातात दिले. "ह्ये रद्दीत जात न्हाईत, गुरुजी. घरी न्या."

घरी येऊन एकेक उलटत गेलो. पहिल्या कागदावर वडील जेमतेम दिसत होते. शेवटच्यावर पुरते आले, आणि मला रडू फुटलं.